स्टिअरिंग थरथरतंय? पार्ट बदलायच्या आधी 'कधी' ते शोधा

माझी गाडी ९० च्या पुढं गेली की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि ११० ओलांडलं की परत शांत. मेकॅनिककडे गेलो आणि एवढंच म्हणालो की "स्टिअरिंग व्हायब्रेट होतंय". तो म्हणाला ब्रेकच्या डिस्क गेल्यात. डिस्क बदलल्या, पॅड बदलले, थरथर आहे तशीच. मग लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) रबरी बुश बदलले, तरी तशीच. शेवटी एका रविवारी गाडी धुताना चाक आतल्या बाजूनं घासत होतो तर रिमवर बोटभर लांबीचा एक चौकोनी स्वच्छ पट्टा दिसला, कडेनं चिकट डिंकाचा थर, बाकी सगळी रिम काळी. बॅलन्सिंगचं वजन, म्हणजे चाक सगळीकडून सारखं भारी व्हावं म्हणून रिमला चिकटवतात तो छोटा तुकडा, तिथून कधीतरी उडून गेलं होतं. बॅलन्सिंग केलं, विषय संपला.

यात मेकॅनिकची चूक अर्धीच, अर्धी माझी, कारण थरथरतंय हे सांगितलं पण कधी थरथरतंय हे सांगितलंच नाही. "ब्रेक न लावता, फक्त ९० ते ११० मध्ये" एवढं जरी बोललो असतो तरी डिस्ककडे कुणी बघितलं नसतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एक चक्कर मारून या. सरळ, गुळगुळीत आणि मोकळा रस्ता बघा, शेजारी कुणालातरी बसवा म्हणजे तुम्ही गाडी चालवाल आणि तो मोबाईलवर लिहून घेईल, आणि या गोष्टी तपासा: गाडी उभी असताना थरथरते का, ठरावीक स्पीडलाच थरथरते का, ब्रेक दाबल्यावरच होतं का, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच होतं का, वळताना वाढतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातात जास्त जाणवतं की सीटखाली. साधारणपणे पुढच्या चाकांचा दोष स्टिअरिंगमध्ये येतो आणि मागच्या चाकांचा सीटमध्ये आणि फरशीत. अगदी काटेकोर नियम नाही हा पण दहातल्या बऱ्याच वेळा बरोबर निघतो.

मोकळ्या रस्त्यावर अजून एक करता येतं, गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर. थरथर चालू असताना क्लच दाबून गिअर न्यूट्रलला घ्या आणि गाडी तशीच घरंगळू द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं, दोष चाकांकडे. लगेच गायब झाली तर इंजिन, माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) किंवा एक्सलकडे (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) बघायचं. फक्त हे करताना इंजिन बंद करू नका, किल्ली फिरवली की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं ठेवणारी मदत) पण एकदोन दाबांत संपतो आणि वर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

आता सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार घेऊ, म्हणजे ठरावीक स्पीडलाच येणारी थरथर. हे असं का होतं ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. १८५/६५ आर १५ मापाचा टायर धरा, त्याचा परीघ साधारण १.९५ मीटर. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते म्हणजे चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. आणि चाक, सस्पेन्शन वगैरे जो सगळा संच आहे तो स्वतःच सेकंदाला १० ते १५ वेळा हलायला तयार बसलेला असतो, झोपाळ्याला जशी स्वतःची एक लय असते तसं. चाकाची लय आणि ही लय जुळली की जोराचा हादरा, स्पीड अजून वाढवला की लय चुकते आणि थरथर कमी होते. म्हणून तर लोक म्हणतात "१२० ला काहीच नाही राव, १०० लाच होतं".

आणि ३० ग्रॅम वजनानं एवढं काय होणार असं वाटत असेल तर हिशोब बघा, रिमच्या कडेला ३० ग्रॅम कमी असतील तर १०० च्या स्पीडला ते चाकाला साधारण साडेचार किलो जोरानं ओढतात, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला १४ वेळा गोल फिरते. ५० च्या स्पीडला हाच जोर एक चतुर्थांश होतो म्हणून गल्लीत काहीच कळत नाही.

तर टायरवाल्याकडे जायच्या आधी घरीच बघायच्या गोष्टी. रिमच्या आतल्या बाजूला चिखल सुकून बसलाय का, पावसाळ्यात किंवा कच्च्या रस्त्यावरून आल्यावर मूठभर चिखल चिकटलेला असतो आणि धुतला की थरथर गायब. वजन पडल्याची खूण वर सांगितलीच. टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड भरलंय का ते आठवा, हे लिक्विड गाडी उभी असली की खाली जमा होतं आणि मग चाक कधी बॅलन्स कधी नाही असं वागतं, बॅलन्सिंगवाला वैतागतो कारण मशीनवर दर वेळी वेगळा आकडा येतो. हवा थंड टायरमध्ये तपासा, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर जो आकडा आहे तोच धरायचा, टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा हा टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नसतो.

गाडी महिनाभर एकाच जागी उभी होती का? मग टायर खाली थोडा चपटा बसतो, निघाल्यावर धडधड होते आणि दहा-पंधरा किलोमीटर चालून टायर गरम झाला की बहुतेक वेळा आपोआप जाते. पण एखाद्या वेळी करकचून ब्रेक मारून चाक घासत गेलं असेल तर रबरच झिजून सपाट झालेलं असतं, ते मात्र परत गोल होत नाही.

आता टायरचा तो प्रकार ज्याला मी खरंच घाबरतो. टायरच्या आत स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, ते रबरापासून सुटायला लागले की टायरला एका जागी फुगवटा येतो. याची लक्षणं वेगळी असतात, ३०-४० च्या स्पीडलाच स्टिअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे डुलतं, थरथर कमी आणि डुलणं जास्त, आणि दिवसागणिक वाढत जातं. गाडी बंद करून तळहात टायरवरून फिरवा, पूर्ण गोल फिरवायचा म्हणजे गाडी थोडी पुढं ढकलून उरलेला भाग पण बघायचा (हातमोजे घाला, तार बाहेर आलेली असली तर कापते). कुठं उंचवटा लागला, कडेला फुगा दिसला, किंवा नक्षी एका जागी वाकडी गेलेली दिसली तर तो टायर काढायचा. हायवेवर न्यायचा नाही, "या आठवड्यात बघू" नाही, लगेच स्टेपनी लावायची. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला, जुना टायर असेल तर संशय आधी तिकडे.

टायर ठीक दिसला तर मग फुकटातली युक्ती, चाकांची अदलाबदल. पुढची दोन चाकं मागं, मागची पुढं. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली सरकली तर दोष त्या चाकांतच आहे, बाकी काही उघडायची गरज नाही. जागची हललीच नाही तर चाकं निर्दोष, मग डिस्क, बेअरिंग, एक्सल. माझ्या मते पूर्ण तपासणीत याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं कुठलंच देत नाही आणि तरी कुणी करत नाही. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला पुढं-मागं करा, बाजू बदलू नका. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर ही युक्ती सोडून द्या.

चाक उघडताना: सपाट जागा, हँडब्रेक, कर्णातल्या चाकाला दगड किंवा लाकूड, नट आधी जमिनीवर असतानाच थोडे सैल आणि मग जॅक. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही, स्टँड असेल तरच.

चाक काढलंच आहे तर हबचा चेहरा बघा, म्हणजे जिथं रिम टेकते ती जागा. तिथं गंजाचा पापुद्रा असेल तर रिम तिरकी बसते आणि मग जगातलं कुठलंही बॅलन्सिंग उपयोगाचं नाही. तारेच्या ब्रशनं घासा. बाहेरून घेतलेल्या अलॉय असतील तर रिमच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असू शकतं, त्यात सेंटरिंग रिंग बसवावी लागते, ती नसेल तर चाक केसभर बाजूला बसतं आणि गंमत म्हणजे मशीनवर बॅलन्स शून्य दाखवतं पण रस्त्यावर थरथरतं. नट पण रिमला साजेसे हवेत, काहींचं बूड कोनासारखं असतं काहींचं गोलसर, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. कसताना चांदणीसारखं समोरासमोरचे नट आलटून पालटून घ्या, टॉर्कचा (किती जोरानं आवळायचं त्याचा) आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नट सैल असले तरी स्टिअरिंग थरथरतं, आणि ती थरथर नुकतंच चाक उघडल्यानंतर सुरू झाली असेल तर गाडी बाजूला घेऊन आधी नट बघायचे, बाकी सगळं नंतर.

बॅलन्सिंगला गेलात की मशीनच्या आकड्याकडे नको, फिरणाऱ्या चाकाकडे बघा. रिमची कड डोलतेय का, टायरचा वरचा भाग वर-खाली होतोय का. मशीन फक्त वजन सांगतं, चाक अंड्यासारखं असलं तरी वजनं लावून ते शून्य करून दाखवतं. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल तर ती इथंच डोळ्याला दिसते. टायर नवीन बसवलेला असेल तर रिमला लागून टायरवर एक बारीक रेघ असते ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते बघा, एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेलाच नाही.

आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. स्टिअरिंगचं काहीही दुखणं सांगा, पहिला सल्ला "अलाइनमेंट करून घ्या". अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेला झिजतो, पण थेट थरथर होत नाही. महिनोनमहिने तशीच चालवून टायर ओबडधोबड झिजला तर मग तो टायर थरथरतो, आणि तेव्हा अलाइनमेंट करून तो टायर काही सरळ होत नाही. त्यामुळं थरथरीसाठी कुणी फक्त अलाइनमेंट सुचवत असेल तर विचारा की टायर बघितला का.

ब्रेक दाबल्यावरच थरथर

हे वेगळं प्रकरण आहे. ८०-९० वरून हलका ब्रेक दाबला की स्टिअरिंग हादरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं, ब्रेक सोडला की बंद, तर पुढच्या डिस्क. फक्त पेडल आणि सीट हलत असेल, स्टिअरिंग शांत असेल, तर मागचे ड्रम किंवा डिस्क. आणि करकचून ब्रेक मारल्यावर पेडल खरखरत असेल तर ते एबीएस (चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ब्रेक सोडून-धरणारी यंत्रणा), ते त्याचं कामच आहे, त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

सगळे म्हणतात डिस्क वाकली. खरं तर बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात फरक असला तरी पायाला कळतो, डोळ्याला दिसत नाही. होतं असं की डिस्क बसवताना हबवर गंज राहिला, किंवा चाकाचे नट एअर गननं कसेही आवळले, तर डिस्क अगदी किंचित तिरकी फिरते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण प्रत्येक फेरीत पॅड एकाच जागी चाटत राहतो, तिथली जाडी कमी होत जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर धडधड सुरू. माणूस म्हणतो नवीन डिस्क खराब निघाली. डिस्क बिचारी चांगली होती, बसवणाऱ्यानं हब घासला नाही.

दुसरं कारण घाटातलं. उतारावर ब्रेक लाल होईपर्यंत वापरले आणि खाली येऊन सिग्नलला पेडल दाबून उभे राहिलो तर गरम पॅडचा थर डिस्कवर त्याच जागी चिकटतो. उतारावर खालचा गिअर ठेवा, आणि गरम ब्रेकवर थांबावं लागलंच तर सपाट जागेवर पेडल दाबून धरू नका. डिस्कमध्ये जाडी शिल्लक असेल तर लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) मिळते, किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, त्याच्या खाली जात असेल तर बदलायचीच.

आणि एक फसवा प्रकार, गाडी सुरुवातीला एकदम छान आणि वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर थरथर सुरू, ब्रेक न लावताही, सोबत जळका वास आणि गाडी एका बाजूला ओढते. हा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जाम झालेला असतो, पॅड डिस्कला सोडतच नाही. थांबून चारही रिमच्या जवळ हात न्या (लावू नका, भाजेल), एक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तोच.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर, वळताना, आणि उभ्या गाडीत

पुढची चाकं ओढणारी गाडी असेल, चढावर किंवा पिकअप घेताना थरथरते आणि पाय उचलला की लगेच शांत, तर एक्सलचा आतला जॉइंट, गिअरबॉक्सकडचा. बाहेरचा जॉइंट गेला तर तो थरथरत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढं घेतली की कटकट वाजतो. दोन्हीसाठी आधी रबरी बूट बघा, फाटला असेल तर रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसतात. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) क्रॉस जॉइंट आणि मधलं बेअरिंग, पण ते हातापेक्षा फरशीत जास्त कळतं.

चाकाचं बेअरिंग आवाजानं ओळखायचं, विमान लांबून येतंय तसा घुं घुं आवाज, स्पीडबरोबर वाढणारा. रस्ता मोकळा असताना ५०-६० ला हलकं उजवीकडे-डावीकडे घ्या. उजवीकडे घेतल्यावर भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, उलट तर उलट. जॅकवर चाक उचलून एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवा, बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवते.

तसंच उचललेलं असताना चाक वर-खाली धरून हलवा, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी. प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनमधला फिरता सांधा). मग ३ आणि ९ ला धरून हलवा, फक्त इथंच ढिलं असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक, म्हणजे स्टिअरिंगपासून चाक वळवणारे जोड. एक लक्षात ठेवा, हे पार्ट ढिले असले तरी ते थरथर निर्माण करत नाहीत, बारीकशी थरथर मोठी करून हातापर्यंत पोचवतात. म्हणजे टाय रॉड बदलून थरथर कमी होईल पण मूळ चाकातलं तसंच राहील, माझ्या बुशसारखं.

गाडी उभी, इंजिन चालू आणि स्टिअरिंग थरथरतंय, एसी लावला की वाढतंय, तर चाकांशी काही संबंध नाही. इंजिन माउंटिंग, प्लग, प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल, आयडलिंग (उभ्या गाडीतलं इंजिनचं फिरणं). बॉनेट उघडून, ब्रेक दाबून धरून, गिअर टाकून क्लच अगदी किंचित सोडत क्षणभर इंजिनवर लोड द्या, बाहेरून दुसऱ्यानं बघायचं, इंजिन जागचं उडी मारल्यासारखं उचलत असेल तर माउंटिंग गेलं. बघणारा गाडीच्या समोर उभा राहायला नको, बाजूला.

आकड्यांची आवड असेल तर मोबाईलमध्ये कंपनं मोजणारं ॲप टाका, फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा आणि शेजारच्याला आलेख बघायला सांगा. वरच्याच मापाच्या टायरला ९५ च्या स्पीडला १३-१४ हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १३-१४ वेळा) टोक आलं तर चाक एका फेरीला एकदा हादरतंय, म्हणजे बॅलन्स किंवा वाकडी रिम. २७ च्या आसपास आलं तर फेरीला दोनदा, टायर किंवा रिम अंडाकृती. इंजिन तेव्हा २५०० आरपीएमला (मिनिटाला २५०० फेऱ्या) असेल तर त्याचं टोक ४१-४२ च्या आसपास किंवा त्याच्या दुपटीला येईल, त्यामुळं गोंधळ होत नाही. थोडा खुळेपणा आहे मान्य, पण टायरवाल्याला हा आलेख दाखवला की तो जरा सावरून काम करतो.

दुरुस्ती झाली की त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून परत चक्कर मारा आणि आधीची नोंद समोर ठेवा, नाहीतर "थोडं कमी झाल्यासारखं वाटतंय" यावर पैसे देऊन घरी याल. आणि चाकं उघडली होती म्हणून ५०-१०० किलोमीटरनंतर नट एकदा परत कसून बघा.